काखेत एक्सर, गावाला वळसा

अहो, ऐकलंत का? ठरलं! दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या थोरल्याचं ठरलं एकदाचं. हळू हं, त्यांची बाल्कनी इकडेच उघडते. नाव नाही घेत मी कुणाचं, तुम्हाला कळलंच असेल. तेच, टेरेसच्या किल्लीवरून सेक्रेटरीशी ज्यांचं वाजतं ते. आणि मुलगी कुठली, ओळखा बघू. नाही यायचं ओळखता. खुद्द काकूंना कुठे आलं होतं...

पण आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर मजा कळायची नाही. काकूंची अट तुम्हाला ठाऊकच आहे. बोरिवली वेस्टला कुणाला ठाऊक नाही? 'गावची मुलगी नको.' बायोडेटा हातात आला की पत्रिका राहिली बाजूला, शिक्षण राहिलं, फोटोसुद्धा नंतर. आधी बोट जायचं ते 'मूळ गाव' या रकान्यावर. आणि पाठोपाठ प्रश्न, 'वस्ती किती?' अहो, सून आणायची आहे की नगरपालिकेची निवडणूक लढवायची आहे!

ते माथेरानचं स्थळ आठवतं ना? सोन्यासारखी मुलगी, वडिलांचं छोटंसं हॉटेल, खाऊनपिऊन सुखी. मध्यस्थ बिचारा जीव तोडून सांगतोय, 'काकू, माथेरानला स्वतःची नगरपरिषद आहे. १९०७ पासून रेल्वे आहे, कितीतरी तालुक्यांना अजून नाही.' काकूंचं एकच, 'माणसं किती?' तो पडला प्रामाणिक. मोबाइल काढला, बघितलं आणि सांगून मोकळा, '२०११ च्या जनगणनेत ४,३९३.' झालं! काकूंनी बायोडेटा असा दोन बोटांत धरून परत दिला. 'चार हजार? एवढी माणसं आमच्याकडे ८:१२ च्या फास्टला प्लॅटफॉर्मवर उभी असतात.' आणि मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे बहुतेकदा घोडा नाहीतर आपले पाय, हे निघाल्यावर तर विचारूच नका. 'माझा मुलगा दर सणाला सासुरवाडीला घोड्यावरून जाणार? लग्नात एकदा बसेल तेवढं पुरे!' काका मागून हळूच म्हणाले, 'हवा छान आहे गं तिथली...' काकूंनी नुसतं वळून बघितलं. काकांनी जो पेपर तोंडासमोर धरला, तो मध्यस्थ जाईपर्यंत काढला नाही.

मग वेंगुर्ल्याचं आलं. बंदर आहे, काजू आहेत, आंबे आहेत, मुलगी फार्मसिस्ट. 'वस्ती?' 'बारा हजारांवर आहे हो.' 'छे! बारा हजार म्हणजे आमचं एक कॉम्प्लेक्स.' त्या मुलीच्या आत्याबाई समोरच बसल्या होत्या. चहाचा कप खाली ठेवताना त्यांचा हात कसा थरथरला, मी बघितलंय. मला मेलीला इतकं ओशाळल्यासारखं झालं... जाऊ दे.

तर काय सांगत होते... हां, मुलगा. मुलगा कंटाळला की हो! म्हणाला, 'आई, तू आकडे मोज, मी माझं बघतो.' आणि बघितलंन् कुठे? मेट्रोत! २-ए ला. रोज सकाळी एक्सर स्टेशनवर हा चढायचा अंधेरी वेस्टला जायला, आणि तीही तिथेच चढायची. एकाच स्टेशनवरून, एकाच डब्यात. ती कॉलेजात भूगोल शिकवते. बोलणं वाढत गेलं... आता त्यात किती स्टेशनं गेली, ते त्यांचं त्यांना माहीत.

घरी सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. विरजण मागायला गेले होते, म्हणजे तसं विरजण होतं माझ्याकडे, पण असो. काकूंनी विचारलं, 'राहते कुठे?' हा म्हणाला, 'इथेच गं, एक्सरला.' काकूंचा चेहरा असा खुलला! 'अगंबाई, जवळचीच! कुठल्या सोसायटीत?' 'सोसायटी नाही. गावठाणात घर आहे त्यांचं.' 'गावठाणात? म्हणजे भाड्याने राहतात?' 'नाही गं, मूळचे तिथलेच. पिढ्यानपिढ्या.' मग जरासा थांबला, आणि बघा हं, कसा बोलला, 'आई, गावचीच आहे ती.'

अहो, तो चेहरा! डावातलं दही वाटीत पडेना, नि वाटी खाली ठेववेना. तोंड उघडं ते उघडंच. आणि हा वर म्हणतो, 'वस्ती विचार ना. आर-मध्य वॉर्ड, ५,६२,१६२. गोराई धरून.' काका पेपरामागे इतके खोकले, इतके खोकले की पाणी द्यावं लागलं. मला तर पक्कं वाटतं ते हसतच होते.

पण काकू कसल्या ऐकतायत! 'शिकलीसवरली असेल, पण गावठाण म्हणजे गावठाणच. माझं माहेर गिरगावचं.' हे वाक्य झालं की पुढचं आपल्याला पाठ आहे. गिरगावातून इथे आले तेव्हा स्टेशनपासून नुसती शेतं, रात्री बेडकांचा आवाज, रिक्षावाला यायला तयार नाही... १९७८ पासून ऐकतोय. स्वतःच सांगतात शेतं होती म्हणून! पण शेतं होती तर ती कुणाची तरी असणार, असं काही त्यांच्या मनात आलं नाही बघा. आता तुम्हीच सांगा, बोरिवलीत राहून गाव कुठे चुकलंय कुणाला? मेट्रोतली बाई दाराशी रोज काय घोषणा करते? कांदरपाडा, मंडपेश्वर, एक्सर, शिंपोली, डहाणूकरवाडी, वळनई. सगळी गावं, वाड्या नि पाडे! आपण आपले कानात वायर घालून बसतो.

शेवटी बघायला जायचं ठरलं. पाच मिनिटांचा रस्ता, पण लवाजमा बघा! काकूंनी बळ गोळा केलं ना. अंधेरीची मावशी, मुलुंडची नणंद, घाटकोपरचे मामा. आणि मी. मला कशाला? तर म्हणे बाभईच्या बाजारात मासळी घेताना त्यांच्या घरच्या बाईंशी माझी ओळख आहे. होतीच. मी नाही कशाला म्हणू?

तर निघालो. टॉवरच्या कुंपणाला लागून तो बोळ आहे ना, तिथून आत. एवढी वर्षं इथे राहतात, काकू त्या बोळात कधी शिरल्या नव्हत्या! रुमाल नाकाला तयार. आत गेलो तर काय, झाडलोट केलेली गल्ली, कडेला कुणाची तुळस, पुढे वळणावर क्रॉस, त्याला ताजी झेंडूची माळ. कौलारू घर, पुढे लांबलचक ओटा, मागे विहीर. आणि गार! बाहेर नुसता घाम, आणि ओट्यावर टेकलं की वारा. मावशी अंधेरीला बाविसाव्या मजल्यावर राहते, एसी लावून. ती पदर सोडून वारा घेत बसली, उठायलाच तयार नाही.

हां, पण ओट्यावर पोचायच्या आधीची गंमत राहिलीच. गावात ते मोठाले दगड आहेत ना, कोरीव, पुरुषभर उंच? वीरगळ हो. शेंदूर बघून मावशीने चपला काढून नमस्कार केला आणि विचारलं, 'कुठलं दैवत?' ती मुलगी आम्हाला न्यायला आली होती. म्हणाली, 'लढाईत पडलेल्या वीरांचे आहेत, मावशी. हे खाली बघा, गलबतं. ही वल्ही, एका रांगेत.' मी वाकून बघितलं. खरंच, इतकी वर्षं तिथून जाते, कधी वाकले नव्हते. एकेक वल्हं वेगळं कोरलंय. वरच्या पट्ट्यांत मारामारी, आणि अगदी वर तो वीर शंकराजवळ पोचलेला. तेराव्या शतकात शिलाहारांचा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची समुद्रात लढाई झाली, तीच ही, असं जाणकार म्हणतात. सोमेश्वर त्यातच बुडाला. काकूंना राहवलं नाही. 'तेराव्या शतकात? मग तेव्हा आमच्या गिरगावात काय होतं?' दारात मुलीची आजी उभी होती. अशी काठी टेकून. म्हणाली, 'माड असतील.'

बस्स. एवढंच. पहिला चेहरा तिथे पडला.

आजी म्हणजे काय सांगू तुम्हाला! पाठीत वाकलेली, दात दोन, पण जीभ पाजळलेली. कांदेपोहे नव्हतेच. तांदळाच्या रव्याची खांडवी, वर ओलं खोबरं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. काका तिसरी वडी घेताना काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला, तो मी बघितला.

मग मुलुंडच्या नणंदबाईंनी सुरुवात केली. त्यांना बोलायला निमित्त लागत नाही. 'आमचं मुलुंड बाई आखीवरेखीव. १९२२ साली क्राउन अँड कार्टर या आर्किटेक्टांनी नकाशाच काढून दिला, सगळे रस्ते काटकोनात. तुमच्याकडे कसं, बोळात बोळ...' आणि अशी पानावरची खांडवी चमच्याने सरकवली. अंधेरीची मावशी कशी मागे राहील! 'आमची गिल्बर्ट हिल. २०० फूट उंच उभा खडक, साडेसहा कोटी वर्षांचा. असा खडक बघायचा तर अमेरिकेत जावं लागतं.' घाटकोपरचे मामा म्हणाले, 'मुंबईत पहिली मेट्रो आमच्याकडे आली, २०१४ ला. थेट वर्सोव्यापर्यंत!' आजी शांतपणे ऐकून घेत होती. मग मावशीला म्हणाली, 'तुमच्या त्या खडकावर देऊळ कुणाचं गं?' मावशी म्हणाली, 'गावदेवीचं.' आजी म्हणाली, 'मग गावच की!' मावशी हसली हो. मोठ्या मनाची आहे ती. पण नणंदबाई हसल्या त्याच्यापेक्षा जास्त, आणि तिथेच फसल्या.

कारण आजी त्यांच्याकडे वळली. म्हणाली, 'मी लग्न होऊन गोराईहून होडीतून इकडे आले, तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. मुंबईला जायचं म्हणजे डबा बांधून जायचं. आम्हाला मुंबईत कधी घातलं, सांग गं.' नात भूगोलाची ना! म्हणाली, '१९५७. बोरिवली तालुक्यातली २७ गावं आणि एक नगरपालिकेचं गाव मुंबईत आलं. आणि त्याच वेळी ठाणे तालुक्यातली सहा गावं आणि आणखी एक नगरपालिकेचं गाव.' नणंदबाईंनी विचारलं, 'ते कुठलं बाई?' अहो, विचारायला नको होतं! हात दाखवून अवलक्षण. ती पोर इतक्या गोड आवाजात म्हणाली, 'मुलुंड, आत्या.'

नणंदबाईंचे ते काटकोन एकदम गोल झाले! अंधेरीच्या मावशीने तेवढ्यात हिशेब केला. 'म्हणजे आम्ही १९५० ला आलो, तुम्ही ५७ ला. सात वर्षं सीनियर!' मामांनी लगेच हात वर केला, 'घाटकोपरसुद्धा ५० च हं!' लग्न बाजूला राहिलं आणि कोण आधी मुंबईकर झालं यावरच जुंपली. काकूंना तर काय, गिरगावच्या नावावर सगळ्यांत सीनियर झाल्यासारखं वाटलं. ताठ बसल्या. म्हणाल्या, 'आमच्याकडे बाई पहिल्यापासून मुंबईच. आणि माणसंही केवढी!'

आता गंमत ऐका. मुलगी म्हणाली, 'काकू, माणसं तिकडून कमी होतायत. २००१ ला मुंबई शहरात ३३,३८,०३१ होती, २०११ ला ३०,८५,४११ झाली. अडीच लाखांनी उतरली. आणि आपलं उपनगर? ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२.' काकू म्हणाल्या, 'गेली कुठे मग ती माणसं?' कोणीच काही बोललं नाही. काका खांडवी खात होते, तोंडात घास तसाच, आणि बोट स्वतःच्या छातीवर! 'आपण नाही का आलो?' अहो, आजी काय हसली. ते दोन दात सगळ्यांना दिसले. आपली मंडळीच ही, गिरगाव-दादरच्या चाळींतून एकेक करून आली नि इथल्या आकड्यात बसली. आता २०२१ ची मोजणी कोविडने बुडाली, २०२७ ला होईल तेव्हा कळेलच कोण कुठे गेलं ते.

तर काय सांगत होते... हां, पाण्याचं. काकूंना काहीतरी खोट काढायचीच होती. म्हणाल्या, 'पण पावसाळ्यात हाल होत असतील इथे. सखल भाग ना.' आजी म्हणाली, '२६ जुलैला तुमच्याकडे काय झालं?' आता ते आपल्याला सांगायला हवंय का! त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, आणि आपल्या पार्किंगमधली कुणाची मारुती कुठे सापडली ते अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. तळमजल्यावरच्या गाद्या गच्चीवर वाळत होत्या कितीतरी दिवस. आजी म्हणाली, 'आमच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं नाही.' काकू म्हणाल्या, 'असं कसं?' मग त्या म्हातारीने जे सांगितलं ना, मला तर भूगोल असा शाळेत कुणी शिकवलाच नाही. म्हणाली, 'पूर्वेला कान्हेरीचा डोंगर. तिथलं पाणी नदी-नाल्यांनी उतरतं आणि पश्चिमेला खाडीला मिळतं. मध्ये जे उंचवटे होते त्यावर आमच्या वाडवडिलांनी घरं बांधली. जिथे पाणी तुंबतं तिथे भात लावला. भाताला पाणी हवंच ना! तुमची बिल्डिंग बिल्डरने भातात लावलीय.'

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं पंप बदलतोय, नाले साफ करतोय, महापालिकेला पत्रं पाठवतोय... आणि कारण काय, तर आपण खाचरात राहतोय!

नणंदबाई पुन्हा उठल्या. त्यांचं एक बरं आहे, पडल्या तरी लगेच उठतात. म्हणाल्या, 'पण तेव्हा इथे नुसतं रान असणार. गाडीघोडा काही नाही.' मुलगी म्हणाली, 'विरारहून पहिली लोकल १८६७ ला निघाली, सकाळी एक जायची नि संध्याकाळी एक यायची. तिच्या थांब्यांत बोरिवली होती. कांदिवली आणि दहिसर नव्हते.' काकूंचा चेहरा इथे मात्र फुलला हो! कारण धाकटी जाऊ कांदिवलीला. त्यांनी लगेच मोबाइलमध्ये लिहूनच घेतलं, '१८६७, कांदिवली नाही.' आता पुढच्या हळदीकुंकवाला त्या जावेचं काही खरं नाही.

आणि आम्हाला असं वाटू नये की तीच एक मूळची, म्हणून की काय, आजीच पुढे म्हणाली, 'आम्ही तरी पहिले कुठे! नॅशनल पार्कात नवापाड्याला, रावणपाड्याला वारली आहेत. डोंगर त्यांचा. त्यांच्याही आधी कान्हेरीला भिक्षू येऊन गेले, शंभरावर लेणी कोरून ठेवली, पावसाचं पाणी धरायला टाक्या खोदल्या. मंडपेश्वरला शंकराचं लेणं, त्यावर पोर्तुगीज पाद्र्यांनी चर्च केलं, मग ते गेले, पुन्हा शंकर आला. कोण कोण आलं नि राहिलं. तुम्हीही राहा.' असं म्हणाली! 'तुम्हीही राहा.' काकूंच्या जिवाला केवढं लागलं असेल, विचार करा. स्वतःच्या पैशाने घेतलेला फ्लॅट, कर्ज फेडून रिकामा केलेला, आणि ही म्हातारी राहायला परवानगी देतेय!

तेवढ्यात मुलीचे वडील आतून एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. त्यांचा काही वाकडा हेतू नव्हता हं, मी शपथेवर सांगेन. काकांनीच सहज विचारलं होतं, 'तुमचं शेत कुठे होतं?' त्यांनी जुना सातबारा काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, मागून टेप लावलेला. मौजे एक्सर, तालुका बोरिवली. वर आजोबांचं नाव. खाली पीक, भात. त्यांनी सर्व्हे नंबर वाचला मोठ्याने.

काका एकदम उठून बसले. तुम्हाला माहीतच आहे, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू झाल्यापासून काकांना आपले कागद तोंडपाठ आहेत. कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातलेत त्यांनी. काका म्हणाले, 'पुन्हा वाचा हो.' त्यांनी पुन्हा वाचला. काका म्हणाले, 'हिस्सा नंबर?' त्यांनी तोही वाचला. काकांनी मोबाइल काढला, त्यात आपल्या अ‍ॅग्रीमेंटचा फोटो, शेवटचं पान, ते शेड्यूल असतं ना, कुणीच वाचत नाही ते. आणि काकूंसमोर धरला. तोच नंबर. तोच हिस्सा. आणि वर काय लिहिलंय? गाव एक्सर.

अहो, मी तुम्हाला कसं सांगू! ओट्यावर कुणी हलेना. मुलगा छताकडे बघतोय. नणंदबाईंनी चष्मा काढून पुसला नि पुन्हा लावला. काकूंनी तो फोन हातात घेतला, मोठा करून बघितला, लांब धरून बघितला. 'गाव... एक्सर.' स्वतःच्या तोंडाने वाचलं. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या बायोडेटावर त्या रकान्यात बोट ठेवलं, तिचं बोट स्वतःच्या फ्लॅटच्या कागदावर त्याच शब्दावर! आजी पुढे वाकली आणि काकूंच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, 'म्हणजे तुम्ही आमच्याच गावच्या. मग बघायचं काय राहिलं?'

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. माथेरान झालं, वेंगुर्लं झालं, आणि सून कुठे, तर ज्या भातात आपण झोपतो त्या भाताच्या मालकाची नात.

पण काकूंना मानलं पाहिजे हं. मी तोंडावर नाही म्हणणार, तुमच्यापाशी म्हणते. दुसरी कुणी असती तर तरातरा उठून गेली असती. या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मुलीला म्हणाल्या, 'जवळ ये गं.' हातात साखरेची पुडी ठेवली. पुडी आणली होती म्हणजे बघा! पर्समध्ये आधीपासून होती. म्हणजे मनातून जायच्या आधीच तयार होत्या... माणसाचं काही कळत नाही बाई.

आणि आता? आता ऐका पुढचं. कालपासून लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला काय सांगतायत? 'आमची सून इथली मूळची हो. बाकी सगळे उपरेच.' सेक्रेटरीला तर तोंडावर म्हणाल्या, 'टेरेसच्या किल्लीचं काय घेऊन बसलात, जमीनच आमच्या व्याह्यांची होती!' सेक्रेटरीचा चेहरा असा झाला... आणि तो हुशार माणूस, त्याने भांडण सोडून विचारलं काय, तर व्याह्यांच्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स मिळतील का म्हणून. कन्व्हेयन्सला लागतील ना! ज्या गावठाणाच्या बोळात कुणी पाय ठेवत नव्हतं, तिथे आता मॅनेजिंग कमिटी पेढे घेऊन जाणार आहे. लग्नाआधीच!

नणंदबाईंचं ऐकलंत? मुलुंडला गेल्या आणि त्यांनीही अ‍ॅग्रीमेंट काढलं म्हणे कपाटातून. त्यांच्या यजमानांनी सांगितलं काकांना, फोनवर, हसत हसत. तिथेही शेवटच्या पानावर 'गाव' आहेच. तुम्हीही बघा हवं तर. उपनगरात ज्याच्या कागदावर गाव नाही, असा फ्लॅट शोधून दाखवा मला.

साखरपुडा गणपतीनंतर. जेवण गावठाणात, ओट्यापुढे मांडव घालून, आजीचा हट्ट आहे. काकूंनी हॉल म्हटलं होतं, पण आजी म्हणाली, 'हॉलच्या जागी पण आमचं वांग्याचं शेत होतं, भाडं कशाला भरताय?' त्यावर काय बोलणार!

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. धाकट्याचा बायोडेटा कालच फिरायला लागला. अपेक्षांचा रकाना काकूंनी स्वतः बदलून घेतलाय, मी वाचलाय माझ्या डोळ्यांनी. वस्तीची अट काढून टाकली. 'मुलगी शक्यतो गावचीच हवी,' असं चक्क लिहिलंय. आणि खाली कंसात, काकूच त्या, 'गाव स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत.'